साखळी लागेपर्यंत टाळ्या नाहीत

आमच्या धाकट्या भाऊजींनी पन्नाशी उलटल्यावर दुसरं लग्न केलं, त्या वर्षीची ही गोष्ट. भावाच्या लग्नात ह्यांनी नव्या बुटांचे तळ झिजेपर्यंत हौस केली. घरी येताच लेकीनं स्वतःच्या लग्नाचा विषय काढला, तेव्हा मात्र ह्यांना एकदम कमी ऐकू यायला लागलं.

मुलगा परका नव्हता. आम्ही सगळे एकाच ठिकाणी कामाला. रॉकेट वर गेलं की त्याचा खालचा मोठा भाग, म्हणजे बूस्टर, पुन्हा वापरता यावा म्हणून परत येतो आणि आग ओकत काँक्रीटच्या ओट्यावर पाय टेकतो. टेकायचा म्हणे; आमच्याकडे पडायचाच. ओटा झाडणं माझ्या टोळीकडे, कारण एखादा खडा राहिला तरी झोतानं उडून इंजिनात शिरतो. हे क्रेनवर. लेक नियंत्रण कक्षात, कॅमेऱ्यांपुढे. आणि मुलगा बूस्टरच्या चार पायांच्या विभागात. हे त्याला तंगडीमास्तर म्हणत.

पहिला बूस्टर ओटा सोडून शेजारच्या डबक्यात गेला. त्यात पायांचा काही दोष नव्हता, पण ह्यांनी तो काढला. दुसरा झकास उतरला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मिठ्या मारल्या, आणि टाळ्या चालू असतानाच एक पाय हळूच दुमडला. झोपेत कूस बदलावी तसा बूस्टर आडवा झाला आणि फुटला. तेव्हापासून टोळीनं नियम केला: चारही पाय साखळ्यांनी बांधून क्रेनवाला रेडिओवर 'साखळी लागली' म्हणेपर्यंत कुणी टाळी वाजवायची नाही.

त्याच दिवशी, राख गरम असताना, हे सगळ्यांदेखत बोलून बसले, "ज्याला चार पाय सांभाळता येत नाहीत, तो माझी मुलगी काय सांभाळणार? एक बूस्टर उभा करून दाखव, मग बोलू."

लेक बापावर गेलेली. "पुढचा एक बघते, बाबा. तो पडला तर आम्ही दोघं जाऊन सह्या करतो. तुम्हाला बोलावणार नाही."

दोघंही बोलल्या शब्दाला चिकटून बसणारी. मी मधल्या मध्ये. त्या खेपेला मी ओटा असा झाडला, की तान्हं मूल रांगायला सोडावं.

बूस्टर आला, उतरला, धूर विरला. उभा होता, पण तिरका. उशिरा घरी आलेला माणूस दाराच्या चौकटीला टेकतो तसा. एका पायाला ताठ धरणारा खटका बसला नव्हता. कुणी हात हलवला नाही.

उरलंसुरलं इंधन निघून जाईपर्यंत जवळ जायची बंदी. आम्ही भिंतीआडून त्याचं डुलणं बघत राहिलो. शेवटी ओट्याच्या प्रमुख मॅडमनी क्रेन पुढे सोडली. ह्यांनी बूस्टरच्या डोक्यावर लोखंडी टोपी बसवली, वायर ताणली, भार पेलला. आता कुणीतरी खाली जाऊन हातानं खटका बसवायचा होता. तंगडीमास्तर गेला.

"काका, बोटभर वर घ्या."

"कुणाच्या बोटभर?"

"काका."

"घेतला. बास?"

"अजून थोडं. हं. आता धरून ठेवा."

"धरलाय. म्हणून तर उभा आहे. मी नसतो तर हा पडला असता की नाही, सांग."

रेडिओ सगळ्यांच्या कानाला. मी बटण दाबलं. "मुलगा वजनाखाली आहे. भांडण घरी करा."

"भांडतोय कोण? साधं विचारतोय."

खालून ठोकल्याचा आवाज आला, मग तो म्हणाला, "पडला असता, काका."

तेवढ्यात लेकीचा आवाज, अगदी थंड. "ऐकलंत ना, बाबा? मग तो पडला असं मी धरू का? तसं सांगा. मला कपडे भरायचेत."

वायर तसूभर हलली नाही.

"पडला असता," हे म्हणाले, "पण पडला नाही. मी धरलाय ना. त्याला म्हणावं, सावकाश कर."

खटका बसला. ह्यांनी वायर सैल सोडली. बूस्टर आपल्या पायांवर उभा राहिला. साखळ्या आवळल्या गेल्या आणि सगळे क्रेनकडे बघायला लागले.

"साखळी लागली," हे म्हणाले. "आणि मुलगी दिली."

"मी काय क्रेननं उचलून द्यायची वस्तू आहे?" लेक म्हणाली.

"बरं, ती जाईल चालत. वाजवा आता."

लग्नात सह्या झाल्या तेव्हा मुलाकडच्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. आमची टोळी हात मांडीवर ठेवून ह्यांच्या तोंडाकडे बघत बसली. विहीणबाईंना वाटलं, आम्ही रुसलोय. हे उठले, घसा खाकरून म्हणाले, "साखळी लागली," आणि मग छप्पर उडायचं बाकी राहिलं.

तो बूस्टर पुढे बऱ्याचदा गेला आणि परत आला. तो उभा राहिला वायरीमुळे की खटक्यामुळे, हा वाद सासऱ्या-जावयात कायम चालला. जावईबापू अजून खटकाच म्हणतात. समोरून उत्तर येत नाही, म्हणून आता हळू म्हणतात.

हे गेले भाऊजींच्या लग्नानंतर नवव्या वर्षी, ऑगस्टमधल्या एका गुरुवारी दुपारी, झोपेत.