बोटभर लांब दोरी

एप्रिलमधला सकाळचा उजेड नॉटिंगहॅमच्या त्या गल्लीत कधी घाईने येत नसे. आधी तो समोरच्या घरांच्या धुराड्यांवर थबके, मग ओल्या छपरांवरून हळूहळू उतरत लाल विटांची एकेक ओळ जागी करी. रस्ता ओलांडायला त्याला फार वेळ लागे. कचऱ्याच्या डब्यांची झाकणं, शेजाऱ्यांच्या गाडीच्या काचेवरचं दव, कुंपणावरून डोकावणारी उघडीबोडकी फांदी, अशा सगळ्यांची विचारपूस करत तो स्वयंपाकघराच्या खिडकीशी पोहोचे, तेव्हा त्याचा रंग पाणी घातलेल्या दुधासारखा झालेला असे. थोडा किटलीच्या पोटावर पडे, थोडा टेबलाच्या कडेवर. आज तो मेणाच्या गोळ्यावरही पडला होता. किटलीने उजेड परतवून लावला होता. मेणाने मात्र तो आत घेतला होता आणि आतून पिवळं होत चाललं होतं. सुश्रुत ते पाहत बसला होता. पाहत राहिलं की सुरुवात करावी लागत नाही.

"आसावरी, तुझा लेक मेणाचं ध्यान करतोय बघ," बाबा म्हणाले.

"करू दे. तुमच्या त्या काठीपायी माझं टेबल चिकट झालंय, त्याचं काय?" आई किटली भरत म्हणाली. "आणि अहो, आधी गोळी घ्या."

ती काठी म्हणजे यू नावाच्या झाडाच्या लाकडाचं, बाबांच्या उंचीएवढं धनुष्य. बाबांनी, म्हणजे ज्ञानेश्वररावांनी, हॉस्पिटलच्या एक्स-रे विभागातून निवृत्त झाल्यावर ते घेतलं, आणि गावाबाहेरच्या लाँगबो, म्हणजे लांब धनुष्यांच्या क्लबात ते असे रमले की दिवाळीच्या कार्यक्रमातही बाणांच्या पिसांविषयी बोलू लागले. धनुष्य बाबांचं, दोरी सुश्रुतची, अशी त्या घरातली वाटणी होती. दर वसंतात, हंगामाच्या पहिल्या रविवारी, सुश्रुत जवसाच्या धाग्यांची नवी दोरी वळी. तो वळत असताना बाबा हॉबची गोष्ट पुढे नेत. हॉब हा फ्रान्सच्या जुन्या लढायांत गेलेला तिरंदाज. बाबांनीच रचलेला, आणि त्यामुळे कधीही न मरणारा.

सुश्रुतने धाग्यांना मेण चोळलं. एक पेड बाहेरच्या बाजूला पिळायचा, दुसऱ्यावरून आत टाकायचा. मग दुसरा पिळायचा. अशी दोरी स्वतःलाच घट्ट धरून राहते. टोकाला फास वळताना त्याची बोटं मंदावली. दुसरा फास कुठे येणार, ते त्याने आधीच ठरवलं होतं. मापापेक्षा बोटभर पुढे.

गेल्या वर्षीही त्याने तेच केलं होतं. त्याआधीच्या हिवाळ्यात बाबांना हृदयविकाराचा झटका आला होता. क्लबचा एक जुना रिवाज होता: आपलं धनुष्य आपणच चढवायचं, म्हणजे वाकवून दोरीचा फास खाचेत बसवायचा; दुसऱ्याने चढवून दिलेलं घेऊन रांगेत उभं राहायचं नाही. दोरी लांब असली की धनुष्य कमी वाकतं आणि फास वरच्या खाचेत सहज सरकतो. बाबांनी ते चढवलं होतं, बाण सोडले होते. घरी येऊन जेवताना दोनदा आमटी घेतली होती.

"कुठे होतो आपण?" बाबांनी विचारलं.

"पाऊस लागला होता. हॉबने दोरी टोपीखाली ठेवली."

"हं. तर हॉब आता म्हातारा झाला. त्याच्या सोबत्यांनी काय केलं, तो झोपल्यावर त्याचं धनुष्य काढून घेतलं आणि तिथे हुबेहूब तसंच, पण मऊ धनुष्य ठेवलं. प्रेमानेच हं. सकाळी हॉबने पहिला बाण सोडला."

"मग? कळलं त्याला?"

"अरे, आयुष्यभराची मूठ त्याची. न कळायला काय झालं?"

"मग तो बोलला का नाही?"

"ते सगळे इतके खूश होते रे. त्यांचा मूड कशाला घालवायचा?"

बाबांनी चहाचा कप घ्यायला हात लांबवला आणि स्वेटरची बाही वर सरकली. डाव्या मनगटावर, बाण सोडताना बांधायचा चामड्याचा पट्टा जिथे संपतो त्याच्या जरा खाली, जांभळा-काळा डाग पसरला होता. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांमुळे साधा मारही तसा उमटे. गेल्या रविवारी, हंगामाआधीच्या सरावात, जुन्या दोरीने दिलेला तो मार होता. लांब दोरी सैल राहते आणि दर बाणागणिक मनगटावर फटका देते, हे सुश्रुतला ठाऊक होतं. दोरीला थोडे जास्त पीळ दिले असते तर ती आखूड झाली असती, हे बाबांनाही ठाऊक होतं. त्यांनी ते दिले नव्हते.

बाबांनी बाही खाली ओढली. "या वेळी नीट मापाची कर," ते हलकेच म्हणाले. "मूठ आणि अंगठा."

चढवलेल्या धनुष्याच्या मध्यावर मूठ ठेवून अंगठा उभा केला की तो दोरीला टेकला पाहिजे, एवढंच ते माप. सुश्रुतने पेड उलगडले आणि दुसरा फास त्याच्या खऱ्या जागी वळला.

मागच्या अंगणात बाबांनी धनुष्याचं खालचं टोक पायाशी टेकवलं, एका हाताने मध्य ओढला, दुसऱ्या तळव्याने फास वर ढकलला. लाकूड वाकलं, फास खाचेच्या खाली थांबला आणि थरथरत मागे आला.

"नवी दोरी आहे," सुश्रुत म्हणाला. "ताणेल ती."

बाबांनी पुन्हा ढकललं. त्यांच्या मानेची शीर तट्ट फुगली.

"थंडीने लाकूड आखडलंय, बाबा. थोडं ऊन येऊ दे."

"ऊन आलंय की."

खरंच आलं होतं. कपडे वाळवायच्या दोरीपर्यंत, आईच्या कुंड्यांपर्यंत, बाबांच्या कपाळावरच्या घामापर्यंत.

"मी चढवू?"

"इथे चढवशील. आणि मैदानावर?" बाबा हसले आणि पायरीवर बसले. धनुष्य त्यांनी मांडीवर आडवं घेतलं. खिडकीत आई उभी होती. 

सुश्रुत म्हणाला, "हॉबचं पुढे काय झालं?"

"तू सांग आता."

सुश्रुतने खालच्या खाचेतून दोरी सोडवली, तिचं वेटोळं केलं आणि ते तळहातावर धरून राहिला. मेण अजून उबदार होतं. दोरी अगदी मापाची झाली होती. लाकूडही आखडलं नव्हतं. बाबांना आता आपलं धनुष्य चढवता येत नव्हतं. गेल्या वर्षीही येत नव्हतं.