‘पारंपरिक’च्या जागी

मित्रांनो, मी एक लेख आहे. वर्तमानपत्रातला नव्हे. इंटरनेटवरच्या एका मराठी ज्ञानकोशातला, जो कुणीही उघडावा, वाचावा आणि चुकलं असेल तर दुरुस्त करावा. वय विचाराल तर नऊ वर्षं. तुम्हाला ते फार वाटणार नाही, पण आमच्यात नऊ वर्षांचा लेख म्हणजे जुनाच.

माझा विषय आहे ‘लदेणी’ नावाचा व्हिडिओ गेम. पूर्वी बंजारा लोक बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरत, त्या फिरत्या व्यापाराला लदेणी म्हणत. या खेळात आपणही तसंच बैल घेऊन निघायचं, पाण्याच्या जागा शोधायच्या आणि एकही बैल न गमावता मुक्कामाला पोचायचं. सगळ्या वाटेवर मागे एक गाणं चालू असतं. पुष्कळ मुलं बैलांपेक्षा गाण्यासाठीच खेळायची.

मला जन्म कुणी दिला हे मला ठाऊक नाही. त्या माणसानं नाव न सांगता चार ओळी लिहिल्या आणि तो जो गेला तो गेलाच. चार ओळींत शुद्धलेखनाच्या अकरा चुका होत्या. मला वाढवलं ते तातेरावांनी. हट्टा गावचे हे निवृत्त गुरुजी. जन्मात एकही व्हिडिओ गेम खेळले नव्हते, पण सकाळचा चहा झाला की ओसरीवर बसून माझे ऱ्हस्व-दीर्घ तपासत. कुणी ‘हा गेम एकदम भारी आहे’ असं लिहिलं, की ते पुसून बाजूला लिहीत, ‘कुणाच्या मते? संदर्भ द्यावा.’ मग नांदेडच्या कुणीतरी माझ्यात खेळाचे टप्पे भरले, वाशिमच्या कुणीतरी चित्र चढवलं. असे बावीस जणांचे हात मला लागले. त्यातल्या बहुतेकांनी एकमेकांचं तोंडही पाहिलेलं नव्हतं. एके वर्षी तर मला आठवडाभर ज्ञानकोशाच्या मुखपृष्ठावर बसवलं. मला स्वतःचा फार अभिमान वाटला.

माझ्या उजव्या अंगाला एक चौकट आहे. खेळाचे निर्माते कोण, वर्ष कोणतं, अशी माहिती तिच्यात असते. तिथे एक ओळ होती, ‘गायन : पारंपरिक’. ती कुणालाच खटकली नाही. मलाही नाही.

मग माझ्याकडे दिपा आली.

दिपा राठोड कळमनुरीत टायपिंगच्या क्लासमध्ये शिकवते आणि संध्याकाळी स्कूटीवरून आपल्या बंजारा तांड्यावर परत जाते. एक दिवस क्लासमधल्या एका मुलीच्या फोनवर हा खेळ वाजू लागला. दिपा तिला रागवणार, एवढ्यात गाण्याच्या मधोमध कुणीतरी ‘हट्‌!’ म्हणालं. दिपाचं बोट कीबोर्डवरच थांबलं. तो आवाज तिच्या दादीचा होता, पारुबाईंचा. त्याच आवाजानं तिला लहानपणी जेवायला हाका मारल्या होत्या.

गाणारीचं नाव शोधत ती माझ्यापाशी पोचली. ‘पारंपरिक’ हा शब्द तिनं दोनदा वाचला. मग तो पुसला आणि लिहिलं, ‘पारुबाई राठोड’.

दुसऱ्या सकाळी तातेरावांनी चहा घेतला आणि ते पुसलं. ‘संदर्भ नाही. उलटवले.’ दिपानं पुन्हा लिहिलं. त्यांनी पुन्हा पुसलं. चार दिवस हेच. शेवटी ज्ञानकोशाची राखण करणाऱ्यांनी मला आठवडाभर कुलूप लावलं. मित्रांनो, ज्यांनी मला जपलं त्यांच्याच भांडणात माझं दार बंद झालं, याचं मला फार वाईट वाटलं.

प्रत्येक लेखाच्या मागे एक चर्चेचं पान असतं. ते मात्र उघडं होतं. तिथे दिपानं रागारागानं, बोलतात तसंच लिहिलं, ‘सर, माणसाचा आवाज माणसाला वळखू येत न्हाई का? माझ्या दादीचा आवाज हाय तो. तुमी काहून पुसून राहिले?’

तातेरावांनी उत्तर दिलं, ‘ताई, आपले म्हणणे खरे असू शकेल. पण उद्या आणखी कुणी येऊन हा आपल्या आत्याचा आवाज आहे असे म्हणाले, तर मी कोणाचे ठेवू?’

तिसऱ्या दिवशी तिनं तीनच शब्द लिहिले. ‘मग येऊन ऐका.’

आणि तातेराव खरंच आले. एसटीनं कळमनुरीपर्यंत आणि पुढे दिपाच्या स्कूटीवर मागे बसून. अंगणात बाज टाकली होती. दिपानं फोनवर मला उघडून तिथेच ठेवलं, म्हणून पुढचं सगळं मी ऐकलं. त्या घरात एरवी गोरमाटी ही बंजारा बोली बोलतात, पण पाहुण्यासाठी पारुबाई मराठीत बोलत होत्या.

पारुबाईंना आता दम लागतो. चार पावलं चाललं की बसावं लागतं. गाणं त्यांनी सोडून कितीतरी दिवस झाले होते. दिपानं खेळ सुरू केला आणि तांड्याच्या अंगणात तेच गाणं वाजू लागलं. पारुबाई मान खाली घालून ऐकत राहिल्या. ‘हट्‌’ आलं तशा त्या खुदकन हसल्या.

“मावशी, हा आवाज तुमचाच हाय का?” तातेरावांनी विचारलं.

“माझाच की. ती बकरी व्हती, गुरुजी. शहरातलं पोरगं आलं व्हतं मशीन घिऊन, म्हणलं गाणं म्हणा. आमी म्हणून राहिलो, अन्‌ बकरी इकडं डाळ खाऊन राहिली. मग हट्‌ म्हणू न्हाई तर काय म्हणू?”

तातेरावांच्या कपाळावर आठी आली आणि मग तेही हसू लागले. कारण माझ्या पोटात एक वाक्य होतं, ‘गाण्यात बैल हाकल्याचा आवाज मिसळून प्रवासाचा परिणाम साधला आहे.’ ते वाक्य त्यांनी स्वतः घासूनपुसून शुद्ध केलं होतं. हसता हसता त्यांना चष्मा काढून पुसावा लागला.

पारुबाईंनी मात्र फोन जवळ ओढला. “पुन्यांदा लाव गं,” त्या दिपाला म्हणाल्या. गाणं पुन्हा सुरू झालं तसं त्यांनी एक बोट वर केलं. “हे मी. आता ऐका, माझा दम संपला. हे पाहा, मंजुळानं उचललं. अन्‌ ह्या दोघींच्या खाली कुणीतरी गुणगुणल्यावाणी ऐकू येतं का? ती देवला. बराबर ऐका. आमी तिघी हाव. माझं एकटीचं नाव नका टाकू, गुरुजी.”

“दादी, मला तर तुझाच ऐकू येत होता,” दिपा म्हणाली.

“तू माझं लेकरू हायस. तुला माझाच ऐकू येणार.” पारुबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. “पण हे गाणं एकटीला म्हणताच येत न्हाई. एकीचा दम सरला की दुसरीनं धरायचं.”

मंजुळाबाई शेजारच्याच घरातल्या. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली होती. आणि देवला? ती त्या हंगामात कापूस वेचायला आलेली. हंगाम संपला तशी निघून गेली. “आडनाव कोण इचारतं वावरात?” पारुबाई म्हणाल्या. “आवाज ग्वाड व्हता, एवढं ध्यानात हाय.”

दिपानं फोनवरचं गाणं थांबवलं. जे नाव लिहिण्यासाठी ती चार दिवस भांडली, ते खरं असूनही अपुरं होतं.

निघताना तातेराव तिला म्हणाले, “पोरी, माझी खातरी पटली. पण माझ्या खातरीवर लेखात लिहिता येत न्हाई. खेळाच्या शेवटी नावांची यादी येती. बनवणाऱ्यांनी तिथं नावं घातली, तर तोच संदर्भ. आपण त्यांना पत्र लिहू.”

पत्र पारुबाईंनी सांगितलं, दिपानं टाइप केलं, शुद्धलेखन अर्थातच तातेरावांनी तपासलं. महिना गेला, उत्तर नाही. दुसरं पत्र गेलं. तिसरं गेलं. माझं कुलूप केव्हाच निघालं होतं. दिपा रोज मला उघडायची, ‘पारंपरिक’ या शब्दाशी थांबायची आणि काहीही न बदलता निघून जायची. मित्रांनो, माझ्यात कितीतरी लोकांनी कायकाय लिहिलं; पण हाती असून न लिहिणारी ही मुलगी मला सगळ्यांत जवळची वाटली.

तिसऱ्या महिन्यात फोन आला. खेळ बनवणाऱ्यांपैकी सोमेश्वर नावाचा तरुण पुण्याहून बोलत होता. “आजी, पत्रात बकरीचं वाचलं आणि मी खुर्चीतून उठलोच. ही गोष्ट तिथे असलेल्या माणसाशिवाय कुणालाच माहीत नाही. तुमची नावं लिहिलेली वही माझ्याकडून हरवली. परत येऊन विचारायला हवं होतं. मी आलो नाही. चुकलं माझं.”

“आता इचारलं ना?” पारुबाई म्हणाल्या. “झालं मग. जेवला का?”

खेळाच्या पुढच्या सुधारित आवृत्तीत शेवटी तीन नावं आली. माझ्या चौकटीतली ओळ बदलायची वेळ आली तेव्हा दिपानं तातेरावांना कळवलं, “सर, तुमीच करा. मी घरची हाय, मी लिहिणं बरं न्हाई.” त्या सकाळी तातेरावांनी ‘पारंपरिक’ पुसलं आणि लिहिलं, ‘गायन : पारुबाई राठोड, मंजुळाबाई पवार, देवला’. पुढे संदर्भाचा लहानसा आकडा टाकला. बैल हाकल्याचं स्वतःचं वाक्यही त्यांनी काढून टाकलं.

त्यानंतर माझे पडते दिवस आले. नव्या फोनांवर हा खेळ नीट चालेना. मुलं दुसऱ्या खेळांकडे गेली. आठवडे आठवडे मला कुणी उघडत नसे. कधी कुणी येऊन शिव्या खरडून जाई आणि त्या तशाच अंगावर राहत. तातेरावांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, तेव्हा त्यांनी माझी निगराणी दिपावर सोपवली. तीही ऱ्हस्व-दीर्घ बघायला शिकली.

गेल्या हिवाळ्यात कुणीतरी ‘देवला’ पुसून ‘देवला थावरा जाधव’ असं लिहिलं. संदर्भ नव्हता. चर्चेच्या पानावर दोन ओळी होत्या. ‘ही माझी माय. मागच्या साली वारली. घरात तिचा एक फोटो सुद्धा न्हाई. खालचा आवाज तिचाच हाय. संगिता.’

त्या ओळी दिपानं कितीदा वाचल्या कोण जाणे. नियमाप्रमाणे तिला ते पुसावं लागणार होतं. तिनं ते पुसलं. पण नुसतं पुसून ती थांबली नाही. तिनं लिहिलं, ‘ताई, राग धरू नका. तुमचा नंबर द्या. माझी दादी तुमच्या मायसोबत गायली हाय.’

चार दिवसांनी संगिता तांड्यावर आली. पस्तिशीची, उन्हानं रापलेली, हातात केळ्यांची पिशवी. पारुबाईंनी तिला जवळ बसवून तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला. “हनवटी तिचीच हाय,” त्या म्हणाल्या. मग दिपानं गाणं लावलं. देवलाचा आवाज आला तसं पारुबाईंनी बोट वर केलं. पण संगितानं त्याआधीच तोंडावर पदर घेतला होता. गाणं संपलं. तिनं पदर काढला आणि आईचा तो खालचा सूर अगदी हळू गुणगुणायला सुरुवात केली. तो तिला घरात कामं करता करता पाठ झालेला होता.

पारुबाईंनी श्वास घेतला आणि वरची ओळ धरली. अर्ध्यात त्यांचा दम सरला. तेव्हा मंजुळाबाईंची जागा दिपानं घेतली. तिला शब्द नीट येत नव्हते. ती चुकली, पण थांबली नाही.

सोमेश्वरनं ते सगळं दिपाकडून फोनवर ऐकलं आणि यादीतलं नाव त्याच आठवड्यात पूर्ण केलं. मग माझ्या चौकटीतलंही पूर्ण झालं.

मित्रांनो, मला आता फारसं कुणी वाचत नाही, आणि त्याची मला खंतही राहिली नाही. तुमच्याकडे माझं एकच मागणं आहे. लेख असो, पुस्तक असो की घरातली जुनी गोधडी, करणाऱ्याचं नाव कुठे दिसलं नाही तर तिथून घाईनं पुढे जाऊ नका. सापडलेलं नाव खरं आहे ना, तेही नीट पाहा. आणि खरं असलं तरी आणखी कुणी होतं का, हे विचारा. सांगणारं माणूस बहुतेक वेळा जवळच, अंगणात बसलेलं असतं. त्याच्याकडे आज जा.