केसरीनाथच्या मानेचा पट्टा

मी मानेचा पट्टा बोलतोय. हो हो, तोच, ज्याला बघून पोरं रस्त्यात हसतात आणि मोठी माणसं "काय, मान धरली का?" असं विचारून उत्तराआधीच पुढे जातात. आत फोम, बाहेर पांढरं कापड, मागे चिकटपट्टी. पांढरं होतं म्हणायचं. भिवंडीजवळच्या पूर्णा गावच्या रस्त्यावर गोदामांचे ट्रक दिवसभर धूळ उडवतात, तिचा वाटा मलाही मिळालाय.

जन्म कुठे झाला ते ठाऊक नाही. मला आठवतं ते एका डोंगराळ मुलखातलं फौजी इस्पितळ, २००१ चा हिवाळा. तिथे हवालदार केसरीनाथ पाटील आला आणि मी त्याच्या गळ्यात पडलो. पूर्णा गावचा आगरी गडी, फौजेत ड्रायव्हर. आठ दिवसांपूर्वी बर्फात त्याची गाडी घसरून उलटली होती आणि कॅबिनचं छत त्याच्या मानेवर आदळलं होतं. पण ताफा पुढे जायचा होता. सुभेदारांनी विचारलं, "चोट लगी?" हा म्हणाला, "कुछ नहीं साहब," आणि गळ्याला मफलर आवळून तीन दिवस दुसरी गाडी हाकत राहिला. डाव्या हाताला मुंग्या यायला लागल्या तेव्हा कुठे इस्पितळात आला. तिथेही काय सांगावं? "सो के उठा तो अकड़ गई." लिहिणाऱ्याने तेच लिहून घेतलं.

अरे गाढवा, खरं सांग की, असं ओरडावंसं वाटलं मला. पण फोमला कुठला आवाज!

दोन वर्षांनी त्याची नोकरी संपली. घरी सोडण्याआधी डॉक्टरांचं बोर्ड बसतं. इजा नोकरीतली आहे असं बोर्डाने लिहिलं तर अपंगत्वाची पेन्शन लागते, नाहीतर नाही. त्या सकाळी केसरीनाथने दाढी घोटली, बूट चमकवले आणि दाराबाहेर मला काढून पिशवीत कोंबलं. वर्दीवर शोभत नाही म्हणे! साहेबांसमोर पट्टा अडकवून कसं उभं राहायचं? पिशवीतून मला त्याच्या टाचा जुळल्याचा आवाज आला. डॉक्टरसाहेबांनी लिहिता लिहिताच विचारलं, "कैसे हो?"

"एकदम ठीक, साहब!"

वीस वर्षांची सवय ती, कशी सुटणार? पण कागदावर तेच उतरलं. मान नीट हलते, तक्रार नाही, दुखणं वयाचं, नोकरीशी संबंध नाही.

गावी आल्यावर त्याने काल्हेरच्या एका गोदामात वॉचमनची ड्युटी धरली. बारा तास उभं राहायचं, ट्रक आला की मान वळवून नंबर बघायचा. भिवंडीच्या डॉक्टरांनी मानेचा फोटो काढून बजावलं, "शीर दबलीय. पूर्ण आराम करा, नाहीतर हा हात जाईल." आराम करायचा तर घर चालवायचं कशावर? त्याची नुसती पेन्शन पुरत नव्हती. म्हणजे हात राहणार की जाणार, हे त्या बोर्डाच्या एका ओळीवर येऊन अडलं. बोटं एकेक करून सुन्न होत होती. त्याची बायको कमळ त्याच्या शर्टाची बटणं लावायची, ताटातल्या माशाचे काटे काढून द्यायची. नाक्यावरचे लोक म्हणायचे, "फौजी नाटक करतो." माझ्या अंगाची लाही लाही व्हायची.

शेवटी कमळनेच त्याला बाळाराम म्हात्र्यांकडे नेलं. बाळाराम फौजेतून निवृत्त झालेला क्लार्क. आसपासच्या गावांतल्या फौजींचे अर्ज लिहून द्यायचा. त्याने बोर्डाचा कागद वाचला, सगळी हकीकत ऐकली आणि कपाळावर हात मारला.

"केसरी, पट्टा काढून गेलास बोर्डासमोर?"

"साहेब होते ना समोर."

"आणि वर ठीक हाय म्हणून सांगितलास?"

"मग काय रडू?"

"रडू नको रे बाबा, पण तोंड तरी उघड! तुझी केस तूच मारलीस."

बाळारामने अपील लिहिलं. युनिटला पत्रांवर पत्रं धाडली. दहा महिन्यांनी दप्तरातल्या एका नोंदीची नक्कल आली. त्या तारखेला गाडी उलटली, बंपर वाकला, काच फुटली, उजवा दिवा गेला. चालक, केसरीनाथ पाटील. दिव्याची नोंद होती, मानेची नव्हती. बाळारामने वाचून दाखवलं तेव्हा कमळने पदर तोंडाला लावला. तरी तारीख होती, नाव होतं. तेवढ्यावर अपील उभं राहिलं आणि २००६ च्या फेब्रुवारीत नव्या बोर्डाचं बोलावणं आलं.

मग कमळने त्याची तालीम घ्यायला सुरुवात केली. खुर्चीत बसायची, नवऱ्याचा चष्मा नाकावर चढवायची.

"आता मी डॉक्टर. कैसे हो, जवान?"

"ठीक, साहब."

"अवो, मेला तो ठीक! परत सांगा."

"ठीक..."

मला हसू येत होतं, खोटं कशाला सांगू. पण चौथ्या वेळी कमळ चिडली नाही. चष्मा काढून नुसती बघत राहिली.

"कमळ, मना लाज वाटते गं," तो म्हणाला.

"मी रोज बटणं लावते, त्याची लाज न्हाय? मंग सांगायची कसली लाज?"

तो पुन्हा तिच्यासमोर टाचा जुळवून उभा राहिला.

बोर्डाच्या दिवशी दाराशी पोचलो आणि त्याचा उजवा हात सवयीने माझ्या चिकटपट्टीकडे गेला. चर्रकन अर्धी सुटलीसुद्धा! मी जीव खाऊन चिकटून राहिलो, पण माझं बळ ते किती? कमळने त्याचा हात धरला आणि पट्टी पुन्हा दाबून बसवली. "ऱ्हाऊ दे," एवढंच म्हणाली. तिला आत सोडत नव्हते.

टाचा जुळल्या. समोर केस पिकलेल्या डॉक्टरबाई होत्या.

"कैसे हो?"

"ठी..."

पुढे शब्द येईना. बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं आणि त्याच्याकडे बघत थांबल्या. किती वेळ थांबल्या असतील!

"दर्द है, मॅडम," तो म्हणाला. "पाँच साल से है."

मग सगळं बाहेर आलं. बर्फ, गाडी, मफलर, ते तीन दिवस, झोपेत मान अकडल्याची थाप. बोलता बोलता तो रडत होता आणि सगळं पाणी माझ्यात मुरत होतं.

निकाल यायला चौदा महिने लागले. 'इजा नोकरीतली' असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. पोस्टमनकडून लिफाफा घ्यायला केसरीनाथने उजवा हात पुढे केला. डावा तोवर लुळा पडला होता. त्याच आठवड्यात त्याने ड्युटी सोडली.

आता त्याच्या गळ्यात नवा पट्टा आहे. माझा फोम खचला, चिकटपट्टी धरत नाही. मी त्याच्या मेडलांशेजारी खिळ्याला लटकलोय. कमळ मला टाकू देत नाही. परवा तो खाटेवरून म्हणाला, "कमळ, आज लय दुखतंय गं." ती हातातलं काम टाकून आली, त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि म्हणाली, "हे आधी बोलला असतात तर?" त्याने उजव्या हाताने डावा हात उचलून तिच्या हातात ठेवला.

माझं एवढंच मागणं आहे, बाबांनो. कुणाला कसा आहेस म्हणून विचाराल, तेव्हा पेन खाली ठेवा आणि उत्तर येईपर्यंत थांबा.