तुरटीचं पाणी

चिकोला घेऊन आम्ही बोगादीच्या जनावरांच्या दवाखान्यात बसलो होतो, मी आणि माझी सून पुष्पावती. चिको माझ्या मुलाचा कुत्रा. मोहन स्पेनमध्ये नोकरीला होता, तिथंच छातीत कळ येऊन गेला. जाळलंही तिथंच. सून परत आली ती एक पेटी आणि हा लांब तोंडाचा पिवळा कुत्रा घेऊन. त्याला मराठी कळत नाही, कन्नड कळत नाही. मोहननं शिकवलेली तिकडची भाषा तेवढी कळते. सून दिवसभर त्याच्याशी तीच बोलते. आमच्यासाठी तिच्या तोंडात शब्द उरत नाही.

शेजारची भागीरथीबाई म्हणाली होती, "अय्यो, नवरा गेला आणि कुत्रं घेऊन आली?"

"तुझा जिवंत आहे तो दिवसभर कुठं असतो, ते बघ आधी," मी म्हटलं.

आल्या आल्याच डॉक्टर वरलक्ष्मीनं त्याचं रक्त तपासलं होतं. बाहेरदेशचा कुत्रा आला की तिकडचे रोग बघावे लागतात, म्हणाली. तिकडं एक बारीक माशी असते, ती चावली की रोग रक्तात शिरतो आणि महिनोन्‌महिने दडून राहतो. तेव्हा काही निघालं नाही. "पण पावसाळा संपला की परत आणा, अम्मा. विसरू नका."

पावसाळ्यात त्याच्या नाकावर, कानांच्या कडेला चट्टे आले. सून रडकुंडीला आली. आम्ही मूळचे रंगारी. रंगाच्या पाण्यानं सासऱ्यांचे हात फाटायचे तेव्हा सासूबाई तुरटी आणि कात उकळून ते पाणी लावायच्या, आणि हात भरून यायचे. मी तेच केलं. सुनेनं एक शब्द शिकवला, 'एस्पेरा', म्हणजे थांब. मोहन म्हणायचा तसं म्हटलं की चिको गुमान उभा राहायचा. खपली धरली, वरचं कातडं गुळगुळीत झालं.

"तुमच्या हाताला गुण आहे, आत्याबाई," सून म्हणाली.

घरात आल्यापासून तिनं माझ्याशी बोललेलं पहिलं धड वाक्य. मी फुगले. का फुगू नये? "मग आता सुम्ने, उगीच सुई कशाला टोचायची मुक्या जिवाला?" मी म्हटलं. पावसाळा गेला, दसऱ्याचे दिवे लागले आणि विझले, आम्ही काही गेलो नाही.

मग त्याची नखं वाढून वळायला लागली. मी हसायची, नबाब आहे, पाय खाली टेकत नाही म्हणून. मग फासळ्या दिसायला लागल्या. मग भाताचा वास आला तरी तोंड फिरवू लागला, तेव्हा कुठं आज त्याला इथं आणलं.

डॉक्टरीण बाहेर आली आणि सुनेच्या शेजारी बसली. डॉक्टर उभ्यानं बोलतात. ही बसली तेव्हाच मला कळलं.

"तोच रोग आहे. किडनी गेलीय, अम्मा."

"पहिल्यांदा का नाही दिसला?" मी आवाज चढवला. "तुमचं मशीन झोपलं होतं काय?"

"तेव्हा रक्तात दिसण्याइतका नव्हता. म्हणून तर परत बोलावलं होतं. वेळेवर आला असता तर गोळ्यांवर काही वर्षं काढली असती त्यानं."

सून आता माझ्याकडं बोट दाखवणार, म्हणून मी पदर सावरून तयार बसले. ती म्हणाली, "चट्टे बरे झाले होते, म्हणून राहिलं." माझं नाव घेतलं नाही. घेतलं असतं तर मी भांडले असते. भांडण बरं असतं हो, कुठं तरी जाता येतं त्यातून.

"आता?" सुनेनं विचारलं.

"गोळ्या देते. त्रास कमी होईल. रात्री बारीक जाळीत ठेवा. तसली माशी इकडंही असते, ती चावून दुसऱ्या कुत्र्याला रोग जायला नको." बरा होईल, असं ती म्हणाली नाही. सुनेनंही विचारलं नाही.

घरी मी मोहनच्या लग्नातली बारीक जाळीची मच्छरदाणी काढली आणि मधल्या खोलीत बांधली. चिको आत जाऊन पडला. नाकावरची जखम परत उघडली होती. सून स्वयंपाकघरातून वाटी घेऊन आली. पाणी तिनंच उकळलं होतं.

"लावा ना, आत्याबाई."

"आतनं गेलंय ग ते. यानं काय होणार?"

"लावा."

मी जाळी उचलून आत शिरले. बोळा भिजवला. त्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हटलं, "एस्पेरा."

तो हललाच नव्हता, नुसता माझ्याकडं बघत होता.