माळ्यावरची लोकर

गावातली लोकर आता कुणालाच नको होती. मेंढ्या कातरून झाल्या की लोक ती जाडीभरडी लोकर पोत्यांत कोंबून घळीत फेकून देत. ती दाबून, लाटून नमद्याचा जाड गालिचा करायचा तर चार-सहा बायका लागतात, आणि धडधाकट बायका केव्हाच रशियात भांडी घासायला गेल्या होत्या. मग राजधानीतल्या, बिश्केकच्या काही लोकांनी जुन्या मेंढवाड्यात वाफेचं एक मोठं बंद भांडं बसवलं आणि ते विधवा उल्कानच्या हवाली केलं.

काम एकटीचंच. लोकर धुवायची, चुन्याच्या पाण्याबरोबर भांड्यात कोंडायची, वाफेवर शिजवायची. तोटी उघडली की तपकिरी काढा बाहेर येई. तो गाळून, वाळवून दळला की झाली पूड; नुसतं प्रथिन. तळ्यावर मासे पाळणारा जिरगल ती माशांच्या खाद्यात घालायला नेई.

वास मात्र अंगाला चिकटे, जळक्या केसांचा. शेजारच्या बारशाला ती न्हाऊन, नवा रुमाल बांधून गेली, तरी जेवणाला अंथरलेल्या दस्तरखानाशी तिच्या बाजूची जागा शेवटपर्यंत रिकामी राहिली. त्यानंतर ती कुठे गेली नाही.

थंडीच्या तोंडावर तिच्या मोठ्या जावेचा, कानिशायचा, रशियातून फोन आला.

"अगं, घर विकतोय आम्ही. माळ्यावरची लोकर तेवढी काढून टाक."

"मिरगुलच्या लग्नासाठी निवडली होती ती?"

"लेकीचं लग्न कधीच झालं की इकडे. सोफा आहे तिच्याकडे. गालिचा काय डोक्यावर घालणार?"

"जाऊबाई, उन्हाळ्यात या ना. दोघी मिळून एक तरी लाटू."

"माझे गुडघे गेलेत, उल्कान. तुझ्या त्या पातेल्यात घाल. माशांच्या तरी पोटात जाईल."

लोकर पांढरी, मऊ होती. उल्कानने थोडी चटईवर पसरली, कढत पाणी शिंपडलं, गुंडाळून लाटायला घेतली. एक कड दाबली की दुसरी सुटे. तिकडे धावावं तर ही सुटे. अंगणात ती बराच वेळ अशी गुडघ्यांवर सरकत राहिली. मग सगळी ओली लोकर गोळा केली आणि भांड्यात टाकली.

जिरगल पूड न्यायला आला तेव्हा ती कोट घालूनच बसली होती. "मलाही ने. मासे बघायचेत."

"मासे काय बघायचे मावशी? मासेच ते," तो म्हणाला, पण गाडीतल्या शेजारच्या सीटवरचं सामान उचलून मागे टाकलं. वाटेत त्याने खिडकी उघडली नाही. आपल्या सुनेच्या तक्रारी सांगत राहिला.

तळ्याकाठी त्याने तिच्या हातात खाद्याचं घमेलं दिलं. तिने मूठभर फेकलं. गप्प पडलेलं पाणी एकदम खळबळलं. शेकडो तोंडं तिच्याकडे वर आली.

"ओळखतात की मला," ती हसून म्हणाली.

जिरगल पोती उतरवायला गेला होता. घमेलं रिकामं झालं तसे मासे खाली गेले. ती तरीही तिथेच उभी राहिली.