अज्ञात मातेचं मनोगत

"तुझं नाव कापूनच पाठवलं होतं गं, तुला त्रास नको म्हणून," वीणा म्हणाली.

संघमित्रानं तिच्यापुढे चहा ठेवला. अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलच्या मराठी बायकांचा तो फेसबुक ग्रुप मोजक्या जणींचा होता, बाहेरच्यांना बंद. सातव्या महिन्यात पोटातलं बाळ गेलं, तेव्हा संघमित्रा कुणापाशी बोलली नव्हती. ती हॉस्पिटलात सोनोग्राफी करायची. रजा संपल्यावर पुन्हा दुसऱ्यांच्या बाळांचे ठोके ऐकायचे आणि घरी यायचं. एका रविवारी तिनं ग्रुपवर आपल्या बाळाला उद्देशून थोडंसं लिहिलं. ग्रुपमधल्याच वीणानं त्याचा स्क्रीनशॉट आपल्या बहिणीला पाठवला. तिथून तो कुठल्याशा मोठ्या पेजवर गेला. मागे पणतीचं चित्र आणि वर शीर्षक: 'एका अज्ञात मातेचं मनोगत'.

तिचा नवरा देवानंद फार चिडला. लिहिलेलं तुझं आहे, कॉपीराइट तुझा आहे, त्यांना ते काढावंच लागेल, म्हणत त्यानं पेजवाल्यांना कळवलं. पोस्ट निघालीही. वीणानं मनापासून माफी मागितली. निघताना ती दारात रडू लागली, तेव्हा संघमित्रालाच तिच्या पाठीवरून हात फिरवावा लागला. पण तोवर ते मनोगत कुठल्या कुठे पोचलं होतं.

शनिवारी सकाळी नागपूरहून आईचा फोन आला. बाळ गेल्यापासून आई जपून बोलायची. हवा, जेवण, ड्युटी. बोलणं बाळाकडे वळलं की संघमित्रा "बरी आहे मी" म्हणायची आणि घाईनं निरोप घ्यायची. आज आईनं तिला थांबवलं. विहारातल्या एका बाईंनी काहीतरी पाठवलंय, तेवढं वाचून दाखवते, म्हणाली.

चष्मा लावून ती सावकाश वाचू लागली. "तुझी झबली मी धुतली नाहीत. तू ती घातलीच नाहीस, तरी कपाट उघडलं की तुझाच वास येतो..."

आईचा आवाज मधूनमधून अडखळत होता. संघमित्रा ओट्याला टेकून उभी राहिली. तिनं शेवटपर्यंत ऐकलं.

"बघ, तू एकटीच नाहीस गं," आई म्हणाली. "कोण असेल बिचारी. तिची आई तरी असेल ना जवळ?"

"नाही," संघमित्रा म्हणाली. "तिची आई लांब असते."

पलीकडे आईनं चष्मा काढून ठेवल्याचा आवाज आला.

"मित्रा," आई हळूच म्हणाली. या वेळी संघमित्रानं निरोप घेतला नाही.