अध्यक्षांची सही

आमच्या दादाला घरात सगळे ‘अध्यक्ष’ म्हणायचे, अर्थात पाठीमागे. कुणाचा भाडेकरार असो की चर्चमधल्या लग्नाची नोंदणी, साक्षीदार म्हणून सही ठोकायला हा गुडघ्याला बाशिंग बांधून तयार. सही अशी ऐसपैस की शेजारी दुसऱ्याला जागा उरायची नाही.

आत्याला मूलबाळ नव्हतं. तिचं घर दोनच खोल्यांचं, पण खिडकीशी शिवणयंत्र होतं. त्याच्या तेलाचा वास मला अजून येतो. लहानपणी आम्ही तिघं भावंडं त्या यंत्राखाली घर-घर खेळायचो आणि घरमालक नेहमी दादाच असायचा. पुढे आत्यानं अंथरूण धरलं तेव्हा तिच्याकडे राहून तिचं सगळं केलं ते आमच्या धाकटीनं. दादा सुट्टीच्या दिवशी यायचा, उशी वाकडी आहे म्हणून ओरडायचा आणि चहा पिऊन जायचा.

मृत्युपत्र करायचं ठरलं तेव्हा मी म्हटलं, “वकिलाला बोलावू या.”

“वकिलाला काय शिंगं असतात? मी आहे ना!”

मजकूर त्यानंच सांगितला. घर भाच्याला, म्हणजे त्याला स्वतःलाच. बाकी उरलंसुरलं सगळं धाकटीला. उरलंसुरलं म्हणजे यंत्र, भांडी आणि दोन गोधड्या. केवढं ते औदार्य! थकलेल्या आत्यानं सही केली. एक साक्षीदार डॉक्टर होते. दुसरी शेजारीण व्हायची, तर यानं तिच्या हातातलं पेनच काढून घेतलं. “साक्षीदार कसा, घरचा हवा!”

आत्या गेली. डोळ्यांतलं पाणी खळायच्या आत अध्यक्षांनी धाकटीला फर्मावलं, “सामान आवर. मला घर भाड्यानं द्यायचंय.” उतारवयात ती जाणार कुठे? तिनं मुकाट्यानं भांडी बांधायला घेतली.

घर नावावर करायला मात्र वकिलाकडे जावंच लागलं. आम्हा दोघींनाही बोलावलं होतं. वकिलांनी कागद वाचला, मग पुन्हा वाचला.

“ही दुसरी सही कुणाची?”

“माझी! बघूनच कळायला हवं.”

“शपथेवर सांगाल?”

“एकदा काय, दहादा!”

वकिलांनी चष्मा काढून ठेवला. “मग घर तुम्हाला मिळत नाही. जो साक्षीदार, त्याला त्याच मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. तुम्हा ख्रिस्ती लोकांना कायदाच आहे तसा. मृत्युपत्र खरं, फक्त तुमचा वाटा रद्द. घर आता उरल्यासुरल्यात, म्हणजे या धाकट्या बाईंकडे.”

“अहो, पण हे मीच लिहून घेतलंय!”

“ते दिसतंच आहे,” वकील म्हणाले.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. दादानं किल्ल्या टेबलावर आदळल्या. वकिलांनी त्या धाकटीला दिल्या आणि पोचपावती पुढे सरकवली. “खाली एक साक्षीदार लागेल.”

जन्मात कुणाला टोमणा न मारलेली धाकटी म्हणाली, “दादा, पेन आहे ना खिशात?”

पेन होतं. हात मात्र खिशाकडे गेला नाही.

सही मी केली. लहानशीच. शेजारी आणखी दोघांना जागा उरली.